नवरा जेलमध्ये असताना काय काय करावं लागलं, जून 2024 ते फेब्रुवारी 2025

हे फेब्रुवारी 2025 मध्ये जामिनावर सुटले. केस अजून चालूच आहे त्यामुळं गावाचं नाव, कोणाचं नाव इथं लिहिणार नाही, आणि भांडणात कोण खरं कोण खोटं तेही लिहिणार नाही, ते कोर्ट ठरवील. पण ते आत होते त्या काळात मला एकेक गोष्ट समजायला जो वेळ लागला, ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा, तो तरास दुसऱ्या बाईचा थोडा तरी कमी व्हावा म्हणून जमेल तसं लिहून काढतेय. मी शिवणकाम करते, बारावी झालीये, वकिली भाषा मला येत नाही, तर जसं घडलं तसंच सांगते.

आमचं गाव सिल्लोड तालुक्यात. तीन एकर, मका कापूस आणि थोडी मिरची. बांधावरून चुलत दिराशी वाद कित्येक वर्षं होताच, मोजणी झाली, खुणा रोवल्या, त्या कोणी उपटल्या, पुन्हा वाद. 13 जूनला पेरणीच्या तोंडावर नांगरट चालू असताना भांडण पेटलं आणि चुलत दिराच्या डोक्याला मार लागला. त्यांना तातडीनं संभाजीनगरला हलवलं, ऑपरेशन झालं, ते वाचले. त्या दिवसांत मी यांच्यासाठी जेवढा देव पाण्यात ठेवला तेवढाच त्यांच्यासाठी ठेवला, कारण ते गेले असते तर दोन्ही घरं गेली असती. रात्री पोलिसांनी यांना नेलं. कलम 307, म्हणजे जुन्या कायद्यातला खुनाचा प्रयत्न.

पहिले दोन दिवस मला काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, पाच दिवसांचा पीसीआर झाला, म्हणजे पोलीस कोठडी. मग एमसीआर झाला. शेजारच्या एका भाऊंनी येऊन सांगितलं की वहिनी एमसीआर झाला, आणि मला वाटलं हे सुटले. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, तिथून माणूस जेलात जातो, आणि जामिनाचा अर्ज खरा तिथून पुढं. हे मला कोणीतरी पहिल्याच दिवशी बसवून सांगायला पाहिजे होतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

पहिल्या आठवड्यातच एफआयआरची कॉपी मिळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बहुतेक एफआयआर फुकट डाउनलोड होतात (काही नाजूक गुन्ह्यांचे ठेवत नाहीत), सेवा केंद्रावरचा पोरगा पाच मिनिटात काढून देतो. त्यातला गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, पोलीस ठाणं, कलमं हे एका वहीत लिहून ठेवा. मी लेकीची अर्धी कोरी वही घेतली आणि त्यात सगळं लिहीत गेले, कोणाला भेटले, काय म्हणाले, किती पैसे दिले, पुढची तारीख कोणती. ज्या ऑफिसात गेले तिथं गुन्हा नंबर, कोर्ट, बंद्याचं वडिलांसकट पूर्ण नाव हेच आधी विचारलं. अजून एक, पोलीस ठाण्यात असो की वकिलाकडं, कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीबी घाई केली तरी.

यांना संभाजीनगरच्या हर्सूल जेलला नेलं. सिल्लोडहून येताना हर्सूल शहराच्या अलीकडंच लागतं त्यामुळं टी पॉइंटला उतरता येतं, स्टँडपर्यंत जायची गरज नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून, तेवढा आधार खरंच मोठा झाला, नाहीतर जाणंच परवडलं नसतं.

पहिल्या मुलाखतीला मी, सासूबाई आणि माझा भाऊ गेलो. लागणारे कागद: आधार ओरिजिनल आणि झेरॉक्स, नातं दाखवायला रेशनकार्ड. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळं एकटी जाणार असाल तर फोन कुठं ठेवायचा त्याचा विचार घरूनच करा. सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा. कोणता वार, किती वाजेपर्यंत नाव घेतात, सुट्टीच्या दिवशी आहे का, हे निघायच्या आधी चौकशी करा, कारण इतक्या लांबून जाऊन परत येणं फार जिवावर येतं. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात त्यामुळं साधे दोन जोड, टॉवेल, आतले कपडे नेले. घरचं जेवण घेत नाहीत. यांना बीपीच्या गोळ्या चालू होत्या, त्या थेट हातात देता येत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट दाखवा, म्हणजे तिथल्या डॉक्टरला कळतं काय चालू आहे ते.

मधे काच आणि बोलायला फोन. वीस मिनिटं म्हणतात पण कधी संपतात कळत नाही. पहिल्या वेळेस आम्ही दोघं नुसतं रडलो आणि सासूबाईंनी फोन घेऊन एवढंच विचारलं, "जेवलास का रे?" कामाचं एकही बोलणं झालं नाही. पुढच्या खेपेपासून मी तळहातावर पेनानं लिहून न्यायचे, कर्जाचं विचारायचं, मोटारीचं स्टार्टर कोणाकडं दिलंय, कोणाकडून किती उसने घेतलेत. हे ऐकायला कोरडं वाटतं पण घर चालवायचं असेल तर ते वीस मिनिटं नीट वापरावी लागतात. रडायला परतीची एसटी असते.

दर आठवड्याला जाणं जमायचं नाही तेव्हा ई-मुलाखत लावली. ईप्रिझन्सच्या सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवायचं, बंद्याची माहिती टाकायची, मंजूर झालं की मेसेज येतो आणि ठरल्या वेळेला व्हिडिओवर बोलता येतं. नाव टाकताना जेलच्या रेकॉर्डला जसं आहे तसंच टाका. लेकरांना मी जास्त करून यावरच बोलू दिलं. कँटीनसाठी पैसे मनिऑर्डरनं पाठवायचे, हजाराला पन्नास रुपये कमिशन पोस्ट घेतं, ते यांच्या तिथल्या खात्यावर जमा होतात. साबण, तेल, बिस्किट एवढ्यासाठी महिन्याला हजारात भागतं, आत फार पैसे लागतात म्हणून कोणी सांगत आलं तर आधी यांनाच विचारा खरं काय ते.

आता वकिलाचं. पहिला वकील नात्यातल्या एकानं सुचवला. चाळीस हजार आधी मागितले, मी डोरलं सोडून बाकी सोनं गहाण ठेवलं. पावती मिळाली नाही. फोन उचलणं हळूहळू बंद झालं. सगळे वकील तसे नसतात हे मला पुढं कळलं, पण पैसे देताना पावती मागा किंवा निदान फोनपे करा, म्हणजे नोंद राहते.

या काळात दोन गोष्टी समजून घेतल्या त्या सांगते. 307 मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळं पोलिसांना दोषारोपपत्र द्यायला 90 दिवस असतात, त्यात नाही दिलं तर जामीन मागायचा हक्क मिळतो, म्हणून पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली ती तारीख वहीत मोठी लिहून ठेवा. आमचं 6 सप्टेंबरला, मुदतीच्या आत दाखल झालं त्यामुळं तो रस्ता बंद. दुसरं, त्या वेळी व्हॉट्सअपवर फिरत होतं की 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आलाय, पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षेइतकी कोठडी झाली की सोडतात. कायद्यात ते आहे, खरं आहे, कलम 479. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप लिहिलेली आहे त्याला ते लागू नाही. मी दोन आठवडे त्या मेसेजवर आशा लावून होते. तुमच्या माणसाचं कलम जन्मठेपेचं नसेल तर मात्र वकिलाला हे नक्की विचारा.

सेशन कोर्टानं 4 ऑक्टोबरला जामीन फेटाळला. जखम गंभीर, आरोपी आणि साक्षीदार एकाच गावचे, बाहेर आला तर दबाव आणील, असं कारण. दसरा आठ दिवसांवर. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत आणि मलाही वाटलं की आता काही खरं नाही. हायकोर्टात टाकायचं तर पंच्याहत्तर हजार आधी, असं दोन ठिकाणी सांगितलं. माझ्याकडं तेव्हा मिरची विकून आलेले अकरा हजार होते.

इथं मला रस्ता दाखवला तो जेलच्या रांगेतल्या एका बाईनं. वैजापूरकडच्या, वयानं माझ्याहून मोठ्या, त्यांचा मुलगा आत होता. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या म्हणल्या, "काहून सोनं विकतीस बाई, सरकारी वकील मिळतो की, माझ्या लेकाचं त्यांनीच बघितलं." मी खरं सांगते, फुकटचा वकील म्हणजे नुसतं नावाला उभा राहणारा असं माझ्या डोक्यात होतं, गावात सगळ्यांच्याच असतं. पण मावशीच्या मुलाची तारीख न् तारीख त्यांना तोंडपाठ होती कारण तो वकील त्यांना सांगायचा, आणि माझा पैसे घेतलेला सांगत नव्हता.

मी 15100 ला फोन लावला. विधी सेवेचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितलं, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. तिथं समजलं की 1987 च्या कायद्याप्रमाणं कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बायकांनासुद्धा स्वतःच्या केससाठी तसंच आहे, उत्पन्नाची अट नाही. खालच्या कोर्टासाठी लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ याच कामाला असतात, आणि हायकोर्टासाठी औरंगाबाद खंडपीठातच विधी सेवा उपसमिती आहे.

हायकोर्टाच्या अर्जासाठी लागलेले कागद: एफआयआर, दोषारोपपत्राची पूर्ण कॉपी, जामीन फेटाळल्याची सर्टिफाइड कॉपी, आणि यांची अर्जावर आणि वकालतनाम्यावर सही. ती सही जेलमधूनच घ्यावी लागते, खाली तिथल्या अधिकाऱ्याची सही शिक्का. याला दोन आठवडे धरून चाला. दोषारोपपत्र जाड होतं, झेरॉक्सलाच नऊशेच्या वर गेले. जुन्या वकिलाकडून फाइल आणि एनओसी, म्हणजे हरकत नाही असा कागद, मागून घ्या, खालच्या कोर्टात वकील बदलायला ती लागते. माझ्या भावानं त्यासाठी किती चकरा मारल्या ते त्यालाच माहीत. तारीख बघायला फोनमध्ये ईकोर्ट्सचं ॲप टाका, केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून सोळा) टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं सगळं दिसतं. ते ॲप आलं आणि मला कोणाच्या मागं फोन करत बसायची गरज राहिली नाही.

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेची निवडणूक. 20 नोव्हेंबरच्या मतदानाच्या आसपास पोलीस बंदोबस्तात, गार्ड मिळाली नाही म्हणून यांना तारखेला आणलंच नाही, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवरून हजर केलं. मी सकाळपासून कोर्टाच्या ओट्यावर बसले होते, निदान लांबून दिसतील म्हणून. तारखेला जायच्या आधी वकिलाला विचारत जा की प्रत्यक्ष आणणार आहेत का व्हीसीवर घेणार.

तर हे कोर्टाचं. आता शेतीचं आणि पैशाचं, कारण खरी दमछाक तिथं होते. सातबारा यांच्या नावावर, पीककर्ज यांच्या नावावर, विमा, पीएम किसान सगळं यांच्या नावावर. माणूस आत आणि उत्तरं देणारी मी.

पेरणी माझ्या भावानं आणि मावसभावानं ट्रॅक्टर आणून करून दिली. पीक विमा त्या वर्षी एक रुपयात होता आणि मुदत 31 जुलैपर्यंत वाढली होती, तो सेवा केंद्रात भरला. मग आदल्या हंगामाच्या कापूस सोयाबीनचं अनुदान आलं, हेक्टरी पाच हजार, त्याला शेतकऱ्याचं सहीचं संमतीपत्र पाहिजे. कृषी सहायकांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सही यांचीच लागेल, कुठूनबी आणा." मग जेलला अर्ज दिला की अमुक कागदावर सही पाहिजे, सोबत कागद जोडला, आणि सही शिक्का होऊन मिळाला. असे कागद एकदम गोळा करून द्या, एकेकासाठी वेगळा अर्ज नको. बँकेनं मात्र साधं अधिकारपत्र चालणार नाही, मुखत्यारपत्र आणा असं सांगितलं. तेही होतं, तुरुंगातल्या माणसाला त्यासाठी रजिस्ट्री ऑफिसात हजर राहावं लागत नाही, कायद्यात तशी सूट आहे, विधी सेवेतल्या वकिलांना विचारलं की ते पद्धत सांगतात. जमीन विकायचा अधिकार मुखत्यारपत्रात घालू नका, माझ्या वेळेस एक जण फार आग्रह करत होता, आणि मी नाही म्हणले. फक्त कर्ज, विमा, अनुदान आणि माल विकणं एवढंच लिहून घेतलं.

यांचं सिमकार्ड चालू ठेवा. रिचार्ज मारत राहा. आधारला जोडलेला नंबर बंद पडला तर ओटीपी येत नाही आणि ओटीपी नाही तर काहीच होत नाही. आमचा फोन सुदैवानं घरीच राहिला होता.

राखीच्या आधी लाडक्या बहिणीचे दोन हप्त्यांचे तीन हजार आले. लेकीच्या दप्तराचे आणि किराण्याचे त्यातच भागले. तहसीलला मी संजय गांधी निराधारचं विचारायला गेलते कारण कोणीतरी सांगितलं होतं की कैद्याच्या बायकोला मिळतं. मिळतं, पण शिक्षा लागलेल्या कैद्याच्या बायकोला, महिना पंधराशे, आणि घरचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत पाहिजे. आमची केस चालू, शिक्षा नाही, म्हणून बसलं नाही. ज्यांच्या घरी शिक्षा लागलीये त्यांनी मात्र जरूर विचारा.

लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे हे शाळेतल्या मॅडमनं सांगितलं. सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आहे, एका लेकराला महिन्याला 2250. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज करायचा, कौटुंबिक संकटातल्या लेकरांत आमचा अर्ज घेतला. लेकरांचे आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, लेकरांसोबत घराच्या दारात काढलेला फोटो, आणि वडील जेलमध्ये असल्याचा दाखला, तो जेलला अर्ज केला की मिळतो. मग घरी चौकशीला माणूस येतो आणि बालकल्याण समितीपुढं लेकरं घेऊन जावं लागतं. अर्ज नोव्हेंबरमध्ये केला, चौकशी जानेवारीत झाली, पैसे त्याच्याही नंतर चालू झाले. लागलीच मिळतील या भरवशावर उसनवारी करू नका. पण अर्ज करा, त्याच्यासाठी लाजू नका.

लेकरांना काय सांगायचं हा मला सगळ्यात अवघड प्रश्न गेला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. सगळे म्हणायचे सांग बाबा पुण्याला कामाला गेलेत. पण भांडण गावात झालं, पोलीस रात्री घरी आले, मुलीनं दारातून बघितलं होतं. तिला मी खोटं काय सांगणार? जूनच्या शेवटी मी तिला जवळ घेऊन सांगितलं की बाबांचं आणि काकांचं भांडण झालं, काकांना फार लागलं, आता जज साहेब दोघांचं ऐकून ठरवणार आहेत, तोवर बाबांना तिथं राहावं लागतं, आणि यात तुझी काही चूक नाही. तिनं विचारलं तिथं पंखा आहे का. पुढं शाळेत एका पोरानं तिला जेलवाल्याची म्हणून चिडवलं तेव्हा ती रडली पण तिला धक्का बसला नाही कारण तिला माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी मॅडमला जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी वर्गात कोणाचं नाव न घेता समजावलं, आणि मुलीला मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पेटीचं काम दिलं. शाळेला स्वतः जाऊन सांगा, बाहेरून त्यांच्या कानावर जायच्या आधी.

आणि माझी जाऊ. चुलत जाऊ, पण आमची लग्नं एकाच वर्षी झालेली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं केलं, तिच्या आजारपणात मी केलं. आता तिचा नवरा डोक्याला पट्ट्या बांधून घरी पडलेला आणि माझा जेलात. वकिलांनी सक्त सांगितलं, त्यांच्या घरी जायचं नाही, निरोप पाठवायचा नाही, माफी मागायला सुद्धा नाही, साक्षीदारावर दबाव म्हणून उलट लागेल आणि जामीन जाईल. हे तुम्हीही पाळा, कितीही जीव तुटला तरी. नळावर ती समोर यायची, दोघी खाली बघून हंडा भरायचो. ती जी शिक्षा आहे ती कोणत्या कलमात लिहिलेली नाही. तिच्या नवऱ्याच्या दवाखान्याचा खर्च मला लोकांकडून कळायचा आणि रात्री झोप यायची नाही.

डिसेंबरमध्ये माझी तब्येत बिघडली. छाती धडधडायची, हात गार पडायचे, शिवताना टाका दिसायचा नाही. आशाताईंनी बीपी बघितला, म्हणाल्या शरीराचं नाही हे, आणि 14416 नंबर दिला. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. मी रात्री अकराला ओसरीत बसून लावला. पलीकडच्या बाईंनी नाव गाव विचारलं नाही जास्त, नुसतं बोलू दिलं. अर्धा तास मी बोलत होते. पुढं त्यांनी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जायला सांगितलं, तिथं गोळ्या मिळाल्या, दोन महिने घेतल्या. याला वेड लागणं म्हणत नाहीत. झोप लागली की दुसऱ्या दिवशीचा कागद नीट वाचता येतो, एवढं जरी झालं तरी पुष्कळ आहे.

संक्रांतीला मला हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही असं मी धरून चालले होते. नवरा जिवंत असून काही घरांनी खरंच टाळलं. पण वरच्या आळीतल्या तिघी जणी स्वतः माझ्या घरी आल्या, वाण घेऊन, आणि ब्लाऊज शिवायलाही टाकून गेल्या. तेव्हापासून शिवणकाम पुन्हा सुरळीत झालं. कोण येत नाही ते मोजत बसू नका, जे येतात त्यांना काम सांगा. लोकांना मदत करायची असते पण काय करावं कळत नाही. लेकरांना एक दिवस सांभाळा, तहसीलला सोबत चला, असं नेमकं सांगितलं की माणसं येतात.

हायकोर्टात डिसेंबरला वकीलबाई नेमून मिळाल्या. त्यांनी पहिल्याच फोनला मला जखमेचे डॉक्टरी कागद, यांच्यावर पूर्वी एकही गुन्हा नाही, तपास पूर्ण झालाय, हे मुद्दे समजावून सांगितले. 12 फेब्रुवारीला जामीन झाला. पंचवीस हजाराचा जातमुचलका, म्हणजे यांनी स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. अट अशी की जखमीची आणि प्रत्यक्ष बघणाऱ्यांची साक्ष होईपर्यंत सिल्लोड तालुक्यात यायचं नाही, आणि जिथं राहतील तिथला पत्ता देऊन पोलीस ठाण्यात हजेरी.

जामीन झाला म्हणजे त्याच दिवशी सुटले असं नाही. ऑर्डर खालच्या कोर्टात दाखल करायची, जामीनदार उभा करायचा, कोर्टानं तो मान्य केला की सुटकेचा मेमो जेलला जातो. जामीनदाराला सातबारा, आठ अ, आधार, रेशनकार्ड, फोटो आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला लागला. आधी हो म्हणलेले यांचे मित्र ऐनवेळी मागं सरले, त्यांच्या घरून नको म्हणले, मी त्यांना दोष देत नाही. माझे मामा उभे राहिले. ऐपतीच्या दाखल्याला एका टेबलावर वरचे पैसे मागितले, मामांनी दिले नाहीत, त्यात चार दिवस जास्त गेले. दाखल्याला वेळ लागणार असेल तर तात्पुरती रोख रक्कम भरून सोडायची विनंती वकिलाकडून करता येते, कोर्ट काही आठवड्यांची मुदत देतं जामीनदार आणायला. आणि ज्यांच्याकडं जामीनदारच नाही त्यांच्यासाठी: जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलनं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असं सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलंय, आणि गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात माझ्या वेळेस कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत होऊ शकत होती. जेलमधून किंवा विधी सेवेतून विचारायला लावा. मावशीच्या मुलाचं आम्ही दोघींनी मिळून असंच विचारलं.

21 फेब्रुवारीला संध्याकाळी हे बाहेर आले. तिथूनच नणंदेच्या घरी जालन्याला गेले कारण तालुक्यात यायचं नाही. आम्ही लेकरांना घेऊन शनिवारी जातो, रविवारी परत. मुलगा अजून पहिले दोन तास त्यांच्याजवळ जात नाही, मग एकदम गळ्यात पडतो. हे पण बदललेत, दार बंद असलं की उठून उघडतात, जेवायला वेळेच्या आधी बसतात. याची घाई करू नये असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी काही विचारत नाही, ते सांगतील तेव्हा ऐकते.

हजेरीचं एक लक्षात ठेवा. दर वेळी ठाण्यात नोंद झाली का ते विचारून, वहीत तारीख वेळ लिहून ठेवा. एखाद्या वेळी आजारी पडले तर डॉक्टरचा कागद घेऊन त्याच दिवशी वकिलाला कळवा, हजेरी चुकली म्हणून जामीन रद्द करायचा अर्ज समोरून येऊ शकतो. आमच्या केसमध्ये आता साक्षी व्हायच्या आहेत. चुलत दिरांची साक्ष झाली की तालुकाबंदीची अट काढायचा अर्ज टाकू असं वकीलबाई म्हणाल्यात, तोवर शेत मी आणि भाऊ बघतोय, आणि बांधाच्या त्या बाजूची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, आम्ही पेरायची नाहीत असं ठरवलंय.